अक्षरांचे कुलूप आणि इतिहासाचार्य राजवाडे

यवतमाळहून आर्णीमार्गे दक्षिणेकडे निघाले की धनोड्याजवळ पैनगंगा आडवी येते. नदी ओलांडली की जिल्हा बदलतो आणि माहूरचे डोंगर दिसू लागतात. पुसद, दिग्रस, महागाव, उमरखेड या भागातली माणसे पिढ्यान् पिढ्या या वाटेने रेणुकेच्या आणि दत्ताच्या दर्शनाला जात आली आहेत. याच डोंगराचे वर्णन करणारे एक मराठी काव्य चौदाव्या शतकात लिहिले गेले. त्याचे नाव ‘सह्याद्रिवर्णन’ आणि त्याचा कवी रवळोव्यास. तो महानुभाव पंथाचा होता. पंथाने ज्या सात काव्यांना मानाचे स्थान दिले, त्या ‘साती ग्रंथां’त या काव्याची गणना होते.

पण रवळोव्यासाच्या नावावर आणखी एक गोष्ट जमा आहे आणि मराठी भाषेच्या दृष्टीने ती त्याच्या काव्याहून जास्त परिणामकारक ठरली. त्याने एक कुलूप तयार केले. ते लोखंडाचे नव्हते, अक्षरांचे होते. पंथात त्याला सकळ लिपी म्हणतात. लिपी म्हणायची खरी, पण तिच्यात अक्षरे आपली रोजचीच असतात. फक्त त्यांची घरे बदललेली असतात. एका अक्षराच्या जागी ठरवून दिलेले दुसरे अक्षर लिहायचे, एवढेच. ज्याला ही अदलाबदल ठाऊक, त्याला पोथी सरळ वाचता येते. ज्याला ठाऊक नाही, त्याच्यापुढे अक्षर ओळखीचे पण शब्द मात्र एकही लागत नाही, अशी विचित्र अवस्था येते. पुढे सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य, सुभद्रा अशा आणखी कितीतरी सांकेतिक लिप्या पंथात निघाल्या. आपले शास्त्र अनधिकारी माणसाच्या हाती पडू नये, त्यात कुणी भर घालू नये आणि काढूही नये, ही त्यामागची भावना.

कुलूप किती पक्के होते पाहा. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस गोळा करून लिहिल्या, तो ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ म्हणजे मराठी गद्याचा पहिला मोठा ठेवा. महदंबेचे धवळे, केशोबासांचा सूत्रपाठ, रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंचे चरित्र हे सारे त्याच परंपरेतले. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरापासून थेट पंजाबपर्यंत, आणि त्याही पलीकडे काबूलपर्यंत, महानुभावांचे मठ पोहोचले. घरात पंजाबी बोलणारी माणसे तिथे मराठी पोथी धर्मग्रंथ म्हणून वाचत होती. आणि इकडे खुद्द महाराष्ट्रात, पंथाबाहेरच्या शिकल्यासवरल्या माणसाला असे काही मराठीत आहे याचा पत्ताही नव्हता. मराठी वाङ्मयाची गोष्ट मुकुंदराज आणि ज्ञानेश्वरांपासून सुरू व्हायची आणि गद्य म्हटले की बखरींशी जाऊन थांबायची. न वाचता येणाऱ्या पोथ्यांभोवती मग वावड्या उठल्या. ज्याअर्थी लपवतात त्याअर्थी लपवण्याजोगे काही असणार, असा जगाचा न्याय असतो. त्या न्यायाने एका अहिंसक, भिक्षा मागून राहणाऱ्या पंथाने शतकानुशतके बोलणी खाल्ली.

विसाव्या शतकाच्या आरंभी या कुलपाला पहिली किल्ली लावली ती विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी. राजवाडे म्हटले की आपल्याला पेशव्यांचे कागद आठवतात, पानिपत आठवते, फार तर त्यांचा संताप आठवतो. मराठ्यांच्या इतिहासाची साधने बावीस खंडांत छापणारा हा माणूस मुळात शब्दांचा वेडा होता, हे मात्र बरेचदा विसरले जाते.

राजवाडे यांचा जन्म १८६३ सालचा, कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या वरसई गावचा. वडील लवकर गेले. शिक्षण ओढाताणीत झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी.ए. झाले. काही काळ शिक्षकी केली, पण चाकरी हा त्यांचा पिंड नव्हता. लग्न झाले, पण पत्नी थोड्याच वर्षांत वारली. त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. परदेशी विद्या मराठीत आणण्यासाठी ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले. इंग्रजी उत्तम येत असूनही आपण जे लिहू ते मराठीतच, हा निर्धार त्यांनी शेवटपर्यंत पाळला. त्याची किंमतही मोजली. त्यांचे नाव मराठी मुलखाबाहेर जेवढे जायला हवे होते, तेवढे कधीच गेले नाही.

मग वाईला जुने कागद हाती लागले आणि आयुष्याने वळण घेतले. १७५० ते १७६१ या काळातल्या पत्रांचा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्याच्या प्रस्तावनेनेच महाराष्ट्रात खळबळ उडवली. त्यानंतर पंचवीसेक वर्षे हा माणूस गावोगाव हिंडला. स्वतःचे अन्न स्वतः शिजवायचे, मिळेल तिथे पथारी टाकायची, आणि जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरची, देवळांच्या कोठारांतली, मठांच्या फडताळांतली दप्तरे उलगडायची. कुणी प्रेमाने द्यायचे, कुणी दारातून परत लावायचे. बरेचसे कागद वाण्याच्या पुड्यांत गेलेले असायचे. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्यात खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्याबरोबर राजवाडे होते. संस्था काढायची आणि तिथल्या माणसांशी बिनसले की पोथ्यांची गाठोडी उचलून चालू पडायचे, हेही त्यांच्या स्वभावातच होते.

या भटकंतीत कागदांइतकेच त्यांना शब्द सापडत होते. घाटावरचा शब्द, कोकणातला शब्द, शेतकऱ्याचा, सोनाराचा, बायकांच्या ओव्यांतला. कुठला शब्द कुठून आला, त्याचे अक्षर कुठे झिजले, कुठे उलटले, याची टिपणे वाढत चालली. बीडकडे पाटांगणला मिळालेल्या एका जुन्या प्रतीवरून त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. ती प्रत किती जुनी, यावर पंडितांत पुढे पुष्कळ वाद झाले. ते बाजूला ठेवू. आपल्याला महत्त्वाचे हे की सातशे वर्षांपूर्वीच्या मराठीत क्रियापद कसे चालायचे, कर्त्याला कोणता प्रत्यय लागायचा, वाक्य कशाने संपायचे, हे त्या काळी राजवाड्यांइतके फार थोड्यांना ठाऊक असेल. महानुभावांच्या पोथीपुढे बसताना हीच शिदोरी कामाला येणार होती.

आता अक्षरांची अशी कोडी फुटतात कशी, ते पाहू. घरातल्या मुलांनाही यात मजा वाटेल. समजा आपणच एक कुलूप केले. नियम आपल्या मनचा, सकळ लिपीचा नव्हे: क-वर्गाच्या जागी प-वर्ग लिहायचा आणि प-वर्गाच्या जागी क-वर्ग. म्हणजे क चा प, ख चा फ, ग चा ब, घ चा भ, आणि उलटही तसेच. काना-मात्रा जिथल्या तिथे. आता ‘कापूस’ लिहायला गेलो तर ‘पाकूस’ होतो. ‘गडगड’ लिहायला गेलो तर ‘बडबड’ होते! म्हणजे वाचणाऱ्याला उगाच वाटावे की शब्द सापडला, आणि त्याने भलत्याच वाटेला लागावे.

पण या ‘बडबड’मध्येच कुलपाची फट आहे. अक्षर बदलले तरी अक्षरांची रांग बदललेली नाही. पहिले अक्षर तिसऱ्या जागी पुन्हा आले, दुसरे चौथ्या जागी आले. एक-दोन-एक-दोन. मूळ शब्दातही हाच आकार असला पाहिजे. मग मराठीतले असे शब्द आठवायचे: कटकट, वटवट, खळखळ, सळसळ, मरमर, गडगड. हजारो शब्दांतून निवडून दहा-वीस उरले. त्यातला एकेक त्या जागी ठेवून पाहायचा आणि त्यामुळे इतर ओळींतली अक्षरे कशी बदलतात ते तपासायचे. चुकीचा शब्द ठेवला तर पुढची ओळ बिघडते. बरोबर ठेवला तर ओळीमागून ओळ बोलू लागते. शिवाय प्रत्येक ग्रंथात काही शब्द सारखे येतात. लीळाचरित्रात तर ‘म्हणितले’ हे क्रियापद पावलोपावली आहे, कारण तो सगळा संवादांचाच ग्रंथ. एक असा शब्द ओळखला की चार-पाच अक्षरे एकदम हाती लागतात.

हे काम आज संगणकाला सांगता येते. शाळेत प्रोग्रॅम लिहायला शिकणारा मुलगा किंवा मुलगी दहा-पंधरा ओळींत ते करील. शब्दकोशातला एकेक शब्द घ्यायचा. त्याच्या प्रत्येक नव्या अक्षराला पुढचा आकडा द्यायचा, जुने अक्षर पुन्हा आले तर जुनाच आकडा. तयार झालेली आकड्यांची ओळ गुप्त शब्दाच्या ओळीशी जुळली तर शब्द ठेवायचा, नाहीतर सोडून द्यायचा. धान्य चाळावे तसे शब्द चाळायचे. चाळणी बदलली की वेगळे शब्द खाली पडतात. उदाहरणार्थ, ज्या शब्दांतली व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने पुढेच जातात, मागे वळत नाहीत, तेवढेच शब्द द्या, असे सांगता येते. कापूस या चाळणीतून सुटतो: क, मग प, मग स. तूर सुटते, जवसही सुटतो. गवत मात्र अडकते, कारण व नंतर त येतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या सोळाही तालुक्यांची नावे या चाळणीत घातली तर फक्त दोन बाहेर येतात: दारव्हा आणि नेर. खुद्द यवतमाळ दुसऱ्या अक्षराशी ठीक असते आणि तिसऱ्याशी अडखळते. वणी तर पहिल्याच पावलाला उलटी वळते. रविवारी दुपारी मुलांना कागद-पेन्सिल घेऊन पडताळून पाहू द्या.

एक गंमत मात्र सांगून ठेवली पाहिजे. ‘कळस’ या शब्दाचे काय करायचे? आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर, अगदी शेवटी येतो. म्हणून क, ळ, स ही रांग मागे वळते आणि शब्द बाद होतो. पण संगणकात भारतीय अक्षरांना जे क्रमांक दिलेले आहेत, त्यांत ळ हा ल च्या लगेच पुढे आणि व च्या आधी बसवला आहे. त्यामुळे संगणक कळस बिनदिक्कत पास करतो. त्याचे काही चुकलेले नसते, त्याला मराठी वर्णमाला कुणी शिकवलेली नसते एवढेच. ती शिकवण्यासाठी प्रोग्रॅममध्ये आणखी एक-दोन ओळी घालाव्या लागतात, आणि त्या घालायला हव्यात हे मराठी येणाऱ्यालाच सुचते.

राजवाड्यांपाशी संगणक नव्हताच, जुन्या मराठीचा पुरेसा कोशही नव्हता. मोल्सवर्थचा मोठा कोश १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत साठ हजार शब्दांपर्यंत गेला होता, पण तो एकोणिसाव्या शतकातल्या बोलत्या मराठीचा. त्यात तेराव्या शतकाची मराठी कुठून सापडणार? तेव्हा चाळणीही राजवाडेच आणि कोशही राजवाडेच. चाळून उरलेल्या दहा शब्दांतला नेमका कोणता, हे ठरवायला जुनी भाषा कानात असावी लागते. ती त्यांनी गावोगावच्या दप्तरांतून कमावली होती. सकळ लिपीचे गूढ उकलले ते हुशारीच्या एखाद्या झटक्याने नव्हे, या कमाईने.

राजवाड्यांचे सगळेच निष्कर्ष मान्य करण्याजोगे नव्हते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. शब्दांच्या व्युत्पत्ती देताना ते पुष्कळदा ओढूनताणून संस्कृतापर्यंत पोहोचत. जातिभेदाविषयीची त्यांची मते आज वाचवत नाहीत. एखाद्या पुराव्यावरून ते जी झेप घेत, ती पाहून त्यांचे चाहतेही बिचकत. पण कागद जपून ठेवणे आणि जसा आहे तसा छापणे, यात त्यांनी कसूर केली नाही. त्यामुळे त्यांच्याशी भांडायलाही पुढच्यांना साधने मिळाली, ती बहुतेक त्यांचीच.

दार किलकिले झाल्यावर आत शिरणारे पुढे आले. ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे यांचा धंदा मिठाचा, पण जीव जुन्या कवितेत. त्यांच्या ‘महाराष्ट्र सारस्वत’च्या १९१९च्या आवृत्तीने महानुभावांना मराठी वाङ्मयाच्या इतिहासात हक्काची जागा दिली. आणि मग यवतमाळचे नाव येते. यशवंत खुशाल देशपांडे हे यवतमाळला वकिली करणारे गृहस्थ. कोर्टाचे काम सांभाळून त्यांनी वऱ्हाडातल्या मठांशी संबंध जोडले, पोथ्या पाहिल्या, नोंदी केल्या, आणि १९२५ साली ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. या वाङ्मयाचा पसारा केवढा आहे, कोणते ग्रंथ, कोणते कर्ते, याचा पहिला नीट अंदाज बाहेरच्या वाचकाला आला तो यवतमाळच्या या वकिलामुळे. त्यांच्या शारदाश्रमामुळे आडबाजूच्या या शहरात संशोधनाला एक घर मिळाले. पुण्या-मुंबईच्या लेखकांनी देशपांड्यांचे ऋण तळटिपांत फेडले. मला ते पुरेसे वाटत नाही.

पुढे नागपूरच्या हरि नारायण नेने यांनी १९३६च्या सुमारास लीळाचरित्र भागाभागांनी छापायला घेतले. विष्णु भिकाजी कोलते यांनी आयुष्य या वाङ्मयाला दिले. त्यांनी सिद्ध केलेली लीळाचरित्राची प्रत १९७८ साली राज्य शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केली, तेव्हा पंथातल्या अनेकांनी तीव्र आक्षेप घेतला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. बाहेरच्याला जो वाङ्मयाचा ठेवा, तो आतल्याला ईश्वराचा शब्द. त्याची चिरफाड, पाठभेदांची छाननी त्याला सहन होत नाही, आणि यात त्याला वेड्यात काढून चालणार नाही. सहाशे-सातशे वर्षे या पोथ्या जपल्या कुणी? राजवाड्यांनी नव्हे, विद्यापीठांनी नव्हे. उन्हातान्हात हिंडणाऱ्या, भिक्षेवर जगणाऱ्या, हाताने नकला करणाऱ्या महंतांनी आणि तपस्विनींनी. लिपीत काय दडले आहे ते त्यांना ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते आपल्याला. तेव्हा राजवाड्यांनी कुलूप उघडले असे आपण म्हणतो ते बाहेरच्या बाजूने पाहून म्हणतो.

तरीही ते उघडले नसते तर काय झाले असते, याचा विचार केला की छाती दडपते. महदंबेसारखी आद्य कवयित्री आपल्या पाठ्यपुस्तकांत आलीच नसती. मराठी गद्य तेराव्या शतकात इतके सुटसुटीत, इतके घरगुती, विहिरीवरच्या आणि बाजारातल्या बोलण्याला इतके जवळ होते, हे कुणी सांगितले असते तर आपण विश्वास ठेवला नसता. २०२४च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा तिच्या जुनेपणाच्या पुराव्यांत लीळाचरित्राचे नाव अग्रभागी होते. ज्या रिद्धपुरात गोविंदप्रभू वावरले, तिथे आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे.

राजवाडे स्वतः शेवटच्या वर्षांत धुळ्याकडे होते. १९२२ साली शहाजीराजांविषयीचा ‘राधामाधवविलासचंपू’ आणि १९२४ साली ‘महिकावतीची बखर’ त्यांनी छापली. विवाहसंस्थेच्या इतिहासावरचे लिखाण चालू होते. प्रकृती थकली होती, पण काम थांबले नव्हते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते गेले. घरदार नाही, मूलबाळ नाही, मागे राहिली ती कागदांची गाठोडी. नऊच दिवसांनी, ९ जानेवारी १९२७ रोजी, धुळ्याच्या मंडळींनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन केले आणि ती गाठोडी ताब्यात घेतली. त्यांत हजारो मराठी धातूंची आणि नामांची टिपणे होती. कृ. पां. कुलकर्णी यांनी ती हाताळली आणि त्यांतून राजवाड्यांचा धातुकोश आणि व्युत्पत्तिकोश असे दोन जाडजूड ग्रंथ निघाले. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून वेचलेले शब्द त्यांत अ पासून सुरू होऊन वर्णमालेच्या क्रमाने लागले आहेत.